किबेती आत्याचा गरम घास

लुसेंगी नदीच्या काठी आता निळे पडदे नाहीत. माश्या मारायचे ते पडदे ज्यांना बांधायचे त्या काठ्या तेवढ्या उभ्या आहेत आणि त्यांना दोनचार विटके दोरे लोंबतात. बायका कसाव्याचे कंद भिजत घालायला पाण्यात उतरतात, खिदळतात, आणि एकीचाही हात मानेवर चापट मारायला उठत नाही. तिथं बसलं की मला किबेती आत्या आठवते. तिच्याइतकं मोठ्यानं हसणारी बाई आमच्या गावानं पुन्हा पाहिली नाही, आणि तिच्याइतकं थंड जेवणारीही.

तरुणपणी तिला झोपेचा आजार झाला होता. काठावरची त्सेत्से माशी चावून होतो तो. तेव्हाचं औषध शिरेतून विस्तवासारखं जायचं. त्यातून उठलेल्यानं कितीतरी महिने उन्हात फिरायचं नाही, शेतात राबायचं नाही, गरम खायचं नाही, जोडीदाराजवळ जायचं नाही. नियम मोडला की वेड लागतं, असं सगळेच मानत. आत्यानं नियम पाळला, आणि गरम अन्नाचा तर जन्मभर पाळला. कसाव्याच्या पिठाचा लुकू चुलीवरून उतरला की ती त्याचा गोळा पानात गुंडाळून ठेवायची आणि निवून दगड झाला की मग खायची. "या दगडांनी जगवलंय मला," म्हणायची.

मग कितीतरी वर्षांनी लुझोलो वहिनी झोपू लागली. माझा थोरला भाऊ गेल्यावर लेकरं आणि कसाव्याचं शेत ती एकटीच ओढत होती. रात्रभर टक्क जागी, आणि दिवसा कसावा सोलता सोलता मान कलायची.

तपासणीचं पथक गावात आलं, तेव्हा वहिनीच्या रक्तात आजार सापडला. मातोंदो नावाची तरुण नर्स तिला समजावू लागली.

"सुई नाही, वहिनी. रोज पोटभर जेवायचं आणि माझ्यासमोर गोळ्या घ्यायच्या. बस्स."

"आणि नंतर माझं शेत कोण करणार? तू?"

"तूच कर की. ऊन, गरम जेवण, काहीच वर्ज्य नाही."

"पोरी, तुझं लग्न झालंय का? नाही ना! मग वर्ज्य काय असतं ते तुला काय कळणार?"

बायका फिदीफिदी हसल्या. वहिनी आत्याकडे वळली. "आत्या, तू सांग. सुटतो का नियम?"

"मोडणारे गेले," आत्या म्हणाली. "मी राहिले."

झालं. वहिनीनं टोपली उचलली. इतके महिने शेत पडीक टाकून लेकरांना काय घालणार होती ती? गोळ्या तिथंच राहिल्या.

पुढच्याच आठवड्यात ती काठावर पेंगता पेंगता तोंडावर पाण्यात पडली. शेजारी आत्या होती. तिनं केसांना धरून वर ओढली. वहिनी खोकली, आणि चिखलातच पुन्हा झोपली. आत्या बराच वेळ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी ती हसली नाही.

संध्याकाळी तिनं नर्सला गाठलं. "त्या गोळीत माझं ते विस्तवाचं औषध नाही ना?"

"नाही, आत्या. हे वेगळंच आहे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आत्या वहिनीच्या शेतात आली. डोक्यावर पातेलं, पातेल्यातून वाफ. मागून नर्स. आत्यानं सावली सोडून उन्हात बैठक मारली.

"आत्या, अगं गरम आहे ते!" वहिनी ओरडली.

"दिसतंय मला. आंधळी नाही मी." तिनं गोळा तोडला, कसाव्याच्या पाल्याच्या भाजीत बुडवला आणि तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं.

"भाजलं का?" वहिनीनं विचारलं.

"भाजलं." आत्या चघळत राहिली. मग हळूच म्हणाली, "असं लागतं होय गं? मी विसरूनच गेले होते." आणि तिनं पातेलं पुढं सरकवलं. "खा. मला वेड लागलं तर पोटभर हस मला, पण आधी जेव."

वहिनीनं घास घेतला. मग दुसरा. मातोंदोनं तळहातावर गोळ्या ठेवल्या, त्याही पोटात गेल्या.

गोळ्या चालल्या तेवढे दिवस आत्या रोज गरम पातेलं घेऊन यायची, आणि वहिनीपेक्षा तीच जास्त खायची. शेवटी तिच्या कमरेचं कापड पुरेना.

त्या हंगामात वहिनीनं स्वतःचं शेत स्वतः केलं. उन्हात.