फेबियनच्या जीपचा कार्ब्युरेटर

माझा नवरा टेरेन्स सव्वीस वर्षं ओमानमध्ये गाड्या दुरुस्त करतोय. रुसैलला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. माणूस कमी बोलतो. माझं तोंड फटकळ, त्यामुळे बोलायचं खातं माझ्याकडे. वसईहून लग्न होऊन आले तेव्हापासून ही वाटणी चालत आलीय. आजकालच्या पोरांना लॅपटॉप जोडल्याशिवाय इंजिनातलं काही कळत नाही. हा बोनेट उघडतो, मान वाकडी करून ऐकतो आणि सांगतो, तिसऱ्या सिलिंडरला त्रास आहे. जुन्या गाड्यांचे अर्बाब, म्हणजे इथले मालक लोक, त्याला घरापर्यंत शोधत यायचे.

आमचा फेबियन चोवीस वर्षांचा होता. आठ महिन्यांपूर्वी गेला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच तो कधी येतो म्हणून वाट बघत बसाल.

त्याने पहिल्या पगारांतून एक जुनी जीप घेतली होती. कंपनी कुठलीही असो, मी त्या सगळ्या डोंगरात जाणाऱ्या धुडांना जीपच म्हणते. ही सहा सिलिंडरची, फेबियनपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, आणि तिचा कार्ब्युरेटर मेलेला. इंजिनला हवा आणि पेट्रोल मापात कालवून देणारं ते यंत्र, एवढं मलाही कळतं; सव्वीस वर्षं जेवताना तेच ऐकतेय. सिग्नलला थांबली की थरथरायची आणि बंद पडायची. बापाने कार्ब्युरेटर काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. पेपर अंथरला होता, हे उपकारच म्हणायचे.

मग सुरू झालं यांचं निवडणं. तीन आठवडे! जुनाच दुरुस्त करायचा, की दुकानात मिळतो तसला नवा स्वस्तातला बसवायचा, की बाहेरून मोठा मागवायचा? फेबियनला मोठा हवा होता. "डॅडी, पॉवर बघा ना, पॉवर," असं त्याच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणायचा. टेरेन्स म्हणायचा, पॉवर बघू नकोस, चढ बघ. गाडी डोंगराला लागली की कार्ब्युरेटरच्या भांड्यातलं पेट्रोल मागे सरकतं, आणि मोठ्या कार्ब्युरेटरने तिथेच दगा दिला तर मागे दरी असते. स्वस्तातल्याची भोकं या इंजिनच्या मापाची नाहीत. दोघांची डोकी त्या टेबलावर आणि मी ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर. मी किती कटकट केली! आता वाटतं, पडू द्यायचं होतं ते तिथेच वर्षभर.

शेवटी जुनाच ठरला. टेरेन्सने त्याचा झिजलेला दांडा बदलला, आतली बारीक भोकं फुंकून साफ केली आणि बुधवारी तो परत जुळवून ठेवला. गुरुवारी संध्याकाळी बसवायचा आणि शुक्रवारी फेबियन मित्रांना घेऊन वाडीत जाणार. इथे वाडी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. पाऊस डोंगरावर पडतो आणि पाणी खाली येतं, खाली आकाश निळंच असतं. त्या आठवड्यात पावसाचा इशारा होता. मी त्याला नको म्हटलं. त्याने माझा गाल ओढला आणि "चिल, मम्मी" म्हणाला.

गुरुवारी दुपारी मी टेबलावरचं पॅकिंग उचललं. कार्ब्युरेटरच्या खाली बसतं ते, पुठ्ठ्यासारखं, तळहाताएवढं. ते नसेल तर फटीतून हवा ओढली जाते आणि इंजिन धड चालत नाही. मी ते तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं. म्हटलं, जीप नाही तर पोरगं घरी बसेल.

संध्याकाळी टेरेन्सने टेबल बघितलं, टेबलाखाली बघितलं आणि म्हणाला, "पॅकिंग मिळत नाही. पुढच्या आठवड्यात बघू." फेबियन थोडा फुगला. शुक्रवारी सकाळी मित्र आपलीच गाडी घेऊन दारात आले आणि तो त्यांच्यात जाऊन बसला. ती गाडी बुटकी होती. पाणी आलं तेव्हा ते चौघं वाडीत होते. तिघं वाचले.

त्याला वसईला नेला, आपल्याच सिमेटरीत ठेवला आणि आम्ही परत आलो. पॅकिंग मी गुपचूप हत्यारांच्या पेटीत टाकलं. टेरेन्सने कार्ब्युरेटर बसवला. एक सकाळ लागली त्याला, फक्त एक सकाळ.

तेव्हापासून मला काही होत नाही. कुरुमच्या हॉटेलात लाँड्री सांभाळते, चादरी मोजते, घरी येते, मासे तळते. लोक म्हणतात, मॅग्डलिन किती धीराची. धीर कसला, डोंबल! दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतात ना, तशी सगळीच बधीर झालेय. टेरेन्सचंही तेच. आम्ही एकमेकांना मीठ दे म्हणतो, वीज बिल आलं म्हणतो. फेबियन म्हणत नाही.

या महिनाअखेरीला टेरेन्स रिटायर होतोय. व्हिसा खलास, आम्ही कायमचे वसईला. जीप विकायलाच हवी. पहिला माणूस आला प्रेमानंद, नागपूरचा इंजिनियर, भला माणूस. किल्ली फिरवली, जीप खोकली, थरथरली, बंद. दुसऱ्या आठवड्यात दुसरा आला, तेच. आणि गिऱ्हाईक गेलं की संध्याकाळी तीच जीप आमच्या खिडकीखाली शिलाई मशीनसारखी एकसुरात चालायची. मला वेडी समजतो की काय हा?

काल तिसरा यायचा होता, शरीफ, सलालाहचा म्हातारा ओमानी. चारची वेळ होती. पावणेचारला मी खिडकीतून बघितलं, तर टेरेन्स बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोनेटमध्ये वाकलेला. मी तशीच घरातल्या स्लिपरवर खाली धावले.

"काय करतोस? पेट्रोलचा स्क्रू आवळतोस ना? मुद्दाम बिघडवतोस?"

तो सरळ झाला. स्क्रू-ड्रायव्हर लपवला नाही.

"विकायची नाही का तुला?"

"दुसऱ्या कुणाच्या हाती चांगली चालली की सहन होत नाही, मॅगी," तो म्हणाला. "त्या दिवशी चालली असती."

हा माणूस आठ महिने आपल्यालाच खात बसलाय आणि मी गप्प! मी सांगून टाकलं. तुझी चूक नाही, तुझं पॅकिंग हरवलं नव्हतं, मी लपवलं होतं तांदळाच्या डब्यात. जीप मी अडवली. मी नसती अडवली तर तो उंच गाडीत असता. माझा आवाज एवढा चढला की वरच्या मजल्यावरची नौशीन गॅलरीत आली.

टेरेन्सने कापडाने हात पुसले. आधी एक, मग दुसरा.

"पॅकिंग नाही म्हणून कुठला मेकॅनिक थांबतो का गं?" तो म्हणाला. "पॅकिंगची शीट घरातच होती. दहा मिनिटांत कापलं असतं."

"मग का नाही कापलंस?"

"मलाही नको होता तो जायला."

मी मडगार्डला धरून उभी राहिले. पत्रा तापलेला होता, हात भाजत होता, तरी काढला नाही. रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

तेवढ्यात शरीफची गाडी वळली. टेरेन्सने जीप चालू केली, स्क्रू-ड्रायव्हर परत आत घातला, स्क्रू हळूहळू सोडला, ऐकलं, अजून किंचित सोडला आणि बोनेट लावलं.

म्हातारा जीपमध्ये चढून बसला. पाय दाबला, सोडला, परत दाबला. इंजिन कुठे अडखळलं नाही. तो इतका खूश झाला की खिडकीतून हात काढून टेरेन्सचा खांदा थोपटला.

"माशाल्ला, मिस्त्री! एकदम फर्स्ट क्लास. कब तैयार किया?"

"आठ महिना हो गया," टेरेन्स म्हणाला. "गुरुवार को."