शिंपल्यांची वाट

बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला दातिवऱ्याचा किनारा आठवतो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. सफाळ्याला उतरून बैलगाडीने गाव गाठायचं, मग सुरूच्या बनातून चालत गेलं की समोर निर्मनुष्य वाळू.

तिथे माझी मावशी राहायची. काकांची होडी वर्षभर परतली नव्हती, तरी तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. एका संध्याकाळी मला सोबत घेऊन ती पाण्यापासून बनापर्यंत शिंपले मांडत गेली.

“कशाला गं?” मी विचारलं.

“त्यांना वाट गवसली पायजे. भरती रोज पुसून टाकते.”

परतताना मागे ओली वाळू वाजली. मी घाबरून तिचा हात ओढला. ती मात्र मुद्दाम हळू चालत होती.

आता आमचे हे गेल्यापासून, फिरून येताना मागे चाहूल लागली, की मीही हळू चालते.