बांधाकडची जागा

विंझरच्या आमच्या खाचरांत फुलाबाईंची टोळी भात लावायला येई. अकरा बायका ओणव्या होऊन, मागे मागे सरत लावीत. पण गावात नाव निघे ते एकट्या फुलाबाईंचं. बांधालगतचं डावं टोक कायम त्यांचं. त्या टोकाकडे बघून बाकीच्यांनी ओळ धरायची.

१९३८च्या लावणीत त्यांनी बनाबाईला आणलं. नवरा गेलेला, पदरी दोन लेकरं, आणि डावा अंगठा उखळात ठेचून आखडलेला. रोपांची मूठ डाव्या हातात धरून अंगठ्यानं सुटी करायची, उजव्यानं रोवायची, ही रीत. बनाचा अंगठा चालेना. ओळ मागे सरे आणि ती एकटीच पुढे अडकून राही.

"बया, पाहुणी आलीया व्हय ही? पाट टाका बसायला!" बनाच्या डाव्या बाजूला लावणारी साळूबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

पहिल्याच दिवशी खाचराचा एक तुकडा लावायचा राहिला. माझे सासरे म्हणाले, "फुलाबाई, हिला उद्यापासून नका आणू."

"उद्याचा दिस बघा, मालक. मग बोला."

सकाळी त्यांनी मूठ बनाच्या उजव्या हातात दिली. "डाव्यानं रोव."

"उलटं कसं जमंल, आक्का?"

"रोवायला दोन बोटं बास झाली."

जमलं, पण आता तिचं डावं कोपर साळूबाईच्या उजव्या हातावर आदळू लागलं. "आगं, मलाच रोवतीस का काय चिखलात!"

फुलाबाई कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "बना, माज्या जागी जा. तिकडं डाव्या अंगाला बांध हाय, कुणाला लागायचं न्हाई."

"आन् वळ वाकडी झाली तर?" साळूबाईनं विचारलं.

"तर मला बोला. आता बनाच्या हातासंगं हात चालवा. तिला सोडून कुणी पळायचं न्हाई."

आणि त्या स्वतः मध्ये जाऊन ओणवल्या. इतरांचं एक रोप लागेतो तीन लावणारा तो हात बनासाठी थांबत होता, हे मी बांधावरून पाहिलं. दुपारपर्यंत ओळ नागमोडीच होती. मग बनाची बोटं सरावली, मान वर न करता ती सरसर मागे येऊ लागली. दिवस मावळायच्या आत कालच्या तुकड्यासकट खाचर हिरवं झालं.

सासऱ्यांनी वाकून ओळ न्याहाळली. "आज टोकाला कोण होतं?"

फुलाबाईंनी हनुवटीनंच बनाकडे दाखवलं.

सासरे सरळ झाले. "उद्या वरच्या खाचरात या. सगळ्याजणी."

ओढ्यात पाय धुता धुता साळूबाई ओरडली, "बने, उद्या जरा दमानं घे गं! कंबरडं मोडलं माजं."