न सुटलेला बाण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘वरखाली’ म्हणत. नाव पडलं तेव्हा त्याला राग आला होता. पण पुढे बायकोच्या माहेरचेसुद्धा “काय, वरखाली बरे आहेत ना?” असं विचारायला लागले, तेव्हा त्याने नाद सोडला. एकोणतीस वर्षं एकाच कंपनीत काढल्यावर माणूस कशालाही ओ देतो.

त्या रविवारी सकाळी तो पलंगाच्या कडेला मोजे हातात धरून नुसता बसला होता. आदल्या दिवशी एका दवाखान्याची लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे अडकली होती. हत्यारांची पेटी घेऊन जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, असं दुपारभर चाललं. आतल्या बाई बाहेर आल्या त्या आधी त्याच्यावरच ओरडल्या, जणू त्यानेच त्यांना कोंडून ठेवलं होतं. पण थकवा त्या एका दिवसाचा नव्हता. झोप झाली की जातो तो थकवा वेगळा. हा झोपेतही शेजारी येऊन पडायचा.

“अहो, नाही गेलात तर काय आकाश कोसळणार आहे?” बायको दारातून म्हणाली.

“टेलरचं काय मग? जोडीचा सामना आहे. मी नाही गेलो तर तोही बाद.”

टेलर त्याचा बावीस वर्षांचा जोडीदार. गावातल्या डार्ट्स लीगमध्ये दोघं दर गुरुवारी संध्याकाळी एकत्र बाण फेकत. टेलरची बायको चार वर्षांपूर्वी गेली. शिवणकामाचं दुकान खाली, घर वर. गुरुवारची संध्याकाळ सोडली तर तो त्या दोन मजल्यांच्या बाहेर फारसा पडत नसे. ती गुरुवारची संध्याकाळ आपल्यामुळे जायला नको, एवढ्यासाठी वरखाली जात होता. त्याचं स्वतःचं मन खेळातून केव्हाच उठलं होतं.

आणि दुसरंही एक होतं, जे फक्त बायकोला माहीत होतं. थंडीपासून त्याचा हात अडायला लागला होता. हात वर जायचा, कोपर वाकायचं, नेम बसायचा, आणि बोटं उघडायचीच नाहीत. बाण चिमटीत तसाच. कामावर तोच हात बारीकातला बारीक स्क्रू बिनबोभाट बसवायचा. बोर्डसमोर उभं राहिलं की मात्र संपावर जायचा.

“हाताला कळतंय,” बायको म्हणाली, “तुम्हालाच कळत नाही.”

त्याने मोजे चढवले.

सायकलच्या दुकानामागे एक लांबट सभागृह होतं. चार बोर्ड, प्रत्येकाभोवती जुन्या टायरचं कडं, चुकलेला बाण भिंतीत घुसू नये म्हणून. सकाळी दहालाच तिथे रबराचा आणि ओल्या छत्र्यांचा वास भरला होता. आजवर नाव दिलं की लीगमध्ये जागा मिळायची. यंदा जोड्या झाल्या सोळा आणि जागा आठ, म्हणून पात्रता सामने. औषधाच्या दुकानातल्या बाई लीगच्या सेक्रेटरी होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नियम वाचला, “एकच सामना. जिंकेल ती जोडी आत, हरेल ती वर्षभर बाहेर. रुसवेफुगवे घरी.”

वरखाली आणि टेलरच्या समोर आल्या बेकरीतल्या नणंद-भावजय. दोघी एकमेकींशी दबक्या आवाजात अखंड भांडत होत्या आणि बाण मात्र जिथे हवा तिथेच मारत होत्या.

खेळ साधा. एका पाळीत तीन बाण. पाचशे एक गुणांपासून वजाबाकी करत शून्यावर यायचं आणि शेवटचा बाण बोर्डाच्या कडेच्या बारीक पट्टीत, म्हणजे गुण दुप्पट करणाऱ्या डबलमध्ये, मारायचा. तीन डावांतले दोन जिंकले की सामना. पहिला डाव बेकरीने घेतला. दुसरा टेलरने जवळजवळ एकट्याने ओढून आणला. वरखालीचा हात अडत होता, पण झटका देऊन तो बाण कसाबसा सोडत होता. कपाळावरचा घाम त्याने दोनदा बाहीला पुसला.

“पाणी हवंय?” टेलरने विचारलं.

“नको.”

तिसरा डाव अगदी काठावर आला. बेकरीला दहा हवे होते, यांना बत्तीस. डबल सोळा मारला की झालं. पाळी वरखालीची.

तो रेघेवर उभा राहिला. हात वर गेला. बोटं मिटलेलीच. एक श्वास, दोन श्वास. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. त्याने झटका दिला आणि बाण बोर्डाच्या हातभर अलीकडे जमिनीवर पडला. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. दुसऱ्या बाणाला हात वर गेला तो तिथेच राहिला. किती वेळ, त्याला सांगता आलं नसतं. नणंद-भावजयसुद्धा भांडायच्या थांबल्या.

मग त्याने हात खाली घेतला. उरलेले दोन बाण टेबलावर ठेवले आणि सेक्रेटरीबाईंना म्हणाला, “माझी पाळी झाली असं धरा.”

“दोन बाण आहेत अजून तुमचे.”

“असू देत.”

भावजयीचे बाण थोडक्यात चुकले, टेलरचेही चुकले, आणि नणंदेने पहिल्याच बाणात सामना संपवला. हात मिळवताना ती वरखालीला म्हणाली, “काका, आमच्या सासूबाईंनाही असंच व्हायचं, सुईत दोरा ओवताना.” तिला धीर द्यायचा होता. त्याने मान हलवली.

बाहेर पायरीवर दोघं बसले. समोर सायकलवाला पंक्चर शोधत ट्यूब बादलीत बुडवत होता.

“माझा हात आखडलाय रे,” वरखाली म्हणाला.

“पैसे द्यायची वेळ आली की तुझा हात आखडतोच,” टेलर म्हणाला. मग स्वतःच्याच विनोदाला न हसता पुढे म्हणाला, “मला ठाऊक होतं. थंडीपासून.”

“कुणी सांगितलं? बायकोने?”

“कुणी कशाला सांगायला हवं? जन्मभर माणसांचे हातच मोजत आलोय मी.”

“मग जोडीचं नाव दिलंस कशाला, शहाण्या?”

टेलरने गुडघा चोळला. “म्हटलं, खेळ सुटला की तू घरी बसशील, आणि एकदा बसलास की उठणार नाहीस. बाकी मला कुठे हौस राहिलीय? दर गुरुवारी हे गुडघे इथवर आणायचे म्हणजे नाकी नऊ येतात. एखाद्या गुरुवारी तर दार लावतानाच रडू येतं.”

वरखाली त्याच्याकडे वळला. “अरे गाढवा, मी तुझ्यासाठी येत होतो!”

“आणि मी तुझ्यासाठी.”

खरं तर हसायला हवं होतं, पण तेवढी ताकद दोघांतही नव्हती. सायकलवाल्याला ट्यूबचं भोक सापडलं, तिथून बुडबुडे निघाले, आणि दोघं ते बुडबुडे बघत बसले.

घरी आल्यावर बायकोने चेहरा पाहिला आणि निकाल विचारला नाही. तो दुपारी झोपला तो दिवेलागणीला उठला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, हाताला काही झालेलं नाही, विश्रांती घ्या. विश्रांती कुठे मिळते ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

पहिल्या गुरुवारी कुणीच कुठे गेलं नाही. दुसऱ्या गुरुवारी टेलरचा फोन आला.

“काय करतोयस?”

“पडलोय.”

“मीही.” आणि दोघांनी बराच वेळ फोन तसाच कानाला धरून ठेवला.

तिसऱ्या गुरुवारी वरखाली कामावरून परस्पर टेलरच्या दुकानात गेला. टेलर एका कोटाला अस्तर लावत होता. त्याने मान न उचलता कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे कपडे बाजूला करायची खूण केली. वरखाली बसला. लिफ्टच्या दोरांबद्दल काहीतरी सांगायला लागला आणि वाक्याच्या मधेच त्याचा डोळा लागला. मशीनची घरघर चालू होती, तरी त्याची झोप मोडली नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारातूनच ओरडत आलं, “झाला का आमचा कोट?”

टेलरने मशीन थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला,” तो म्हणाला. “बऱ्याच दिवसांनी झोपलाय.”