राष्ट्राचं झालं तर तोडू देतील का?

“सही नाही करायची मी,” गौरक्का म्हणाली आणि तिनं प्रूफ माझ्या हातात परत दिलं. प्रूफ म्हणजे छापण्याआधी चुका बघायला काढलेला कच्चा कागद.

बेंगळुरात चामराजपेटच्या देवळाबाहेर ती तुंबेची टोपली घेऊन बसते. आपल्याकडे त्याला तुंबा म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं रानफूल, शंकराच्या आवडीचं, पडीक जमिनीवर आपसूक उगवणारं. एका सरकारी बागेच्या यादीत त्याच्यापुढे ‘तण’ लिहिलेलं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी पर्यावरणाच्या एका छोट्या संस्थेत कॅम्पेनर आहे. पत्रकं लिहायची, सह्या गोळा करायच्या, दिल्लीला धाडायच्या. त्याच रात्री लिहून काढलं: ‘कमळाला तळं लागतं, तुंबेला काहीच लागत नाही. त्याला राष्ट्रीय रानफूल करा.’ पहिली सही गौरक्काची हवी होती. सगळ्या पत्रकात मी तिच्याच नावानं भांडले होते.

“का नाही, अक्का? तुझ्या फुलाचा मान वाढेल.”

“स्वल्प थांब, तंगी.” तंगी म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. आमच्या संस्थेला मराठी अर्थही लागू होता. “मोर राष्ट्राचा ना? त्याला कुणी हात लावू देतं?”

“नाही.”

“मग हे राष्ट्राचं झालं तर मला तोडू देतील? होसकोटेकडनं वेचून आणते मी. माझी चूल त्याच्यावर आहे.” तिनं प्रूफच्या तळाशी बोट ठेवलं. “आणि हे तूच लिहिलंयस ना?”

तळाशी जाड अक्षरात होतं: ‘फुले तोडू नका.’ आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी असतं. सवयीनं टाकलं होतं. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिनं टोपली थोडी सरकवून मला जागा केली.

ऑफिसात सरांना सांगितलं, शेवटची ओळ बदलायची: ‘हे फूल कुणालाही तोडता यावं, हाच त्याचा मान.’

“राष्ट्रीय चिन्ह तोडायची परवानगी मागतेस?” सर म्हणाले. “दिल्लीवाले हसतील.”

“हसू देत. यादीत तण लिहिताना कुणाला हसू आलं नव्हतं.”

सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “लाव प्रेसला.”

नवीन प्रूफ गौरक्कानं दोनदा वाचून घेतलं, मग सही केली. सावकाश, कन्नडात.

काही महिन्यांनी दिल्लीहून एका ओळीचं पत्र आलं: ‘नोंद घेण्यात आली आहे.’ सरकारी भाषेत याचा अर्थ फाइल बंद. मी रडवेली होऊन देवळापाशी गेले.

“म्हणजे नाही ना?” गौरक्कानं विचारलं.

“नाही.”

“सरी बिड, जाऊ दे. आपलंच राहिलं मग.” तिनं पानात मूठभर तुंबेची फुलं बांधून माझ्या ओंजळीत ठेवली. “सोमवार आहे. घाल जा देवाला.”

तेव्हापासून ज्याच्या नावानं पत्रक, त्याला ते आधी वाचून दाखवते, मगच छपाई. प्रेसवाला वैतागतो.