गाडी नजरेआड

दादा गेल्यापासून त्याची पांढरी व्हॅन अंगणात उभी असते. तिच्या मागच्या काचेवर आतून जाळी आहे, दाराला बाहेरून लोखंडी पट्टी आहे, त्या पट्टीला कुलूप आहे आणि कुलपावर पाऊस पडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला आहे. नवीन माणूस अंगणात आला की आधी व्हॅनकडे बघतो आणि मग माझ्याकडे. काय सांगावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

माझा थोरला भाऊ विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करायचा. मी वाचनालयात काम करतो, पुस्तकं देतो-घेतो. आम्हा दोघांच्या कामांत साम्य असं काहीच नव्हतं, फक्त संध्याकाळी दोघंही ओट्यावर बसून गप्प राहायचो. त्याचं सगळं दुकान त्या व्हॅनमध्ये होतं. मोटार वर ओढायची चेनकप्पी, पाने, मीटर, केबलची भेंडोळी, तांब्याची तार. घोडनदीच्या काठानं ऊसपट्ट्यात त्याचं बहुतेक काम. पण वर्षातून एक-दोनदा तो वर डोंगरात, तळेघरच्या बाजूला एका वाडीवर जायचा. तिथं पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. रस्ता वर संपतो, विहीर खाली ओढ्याजवळ, मधे भातखाचरांच्या बांधांवरून उतरत जायचं. त्या दिवशी तो सकाळी लवकर उठून दाढी करायचा. वहिनी हसायची, "सासुरवाडीला निघालेत जणू." येताना नाचणी आणायचा, आणि पुढचे काही दिवस नेहमीपेक्षा जास्त बोलायचा.

शेतांमधल्या पाणंदीत गाडी लावली की किल्ली गाडीतच ठेवायची, ही आमच्याकडची रीत. पाणंद एका गाडीपुरती. ऊसतोड सुरू असली की मागून ट्रॅक्टर येणार, आणि ज्याची गाडी आडवी आहे तो कुठं तरी शिवारात आत असणार. मग जो येईल त्यानं गाडी सुरू करायची, रुंद जागी नेऊन लावायची आणि पुढं जायचं. यासाठी कोणी कोणाला विचारत नाही. किल्ली काढून नेणारा माणूस उर्मट समजला जातो.

पारगावकडच्या एका मळ्यात दादा विहिरीत उतरला होता. वर त्याची व्हॅन सुरू झाल्याचा आवाज त्यानं ऐकला. हे त्यानं मला नंतर अनेकदा सांगितलं. आवाज ऐकून त्याला बरं वाटलं होतं. ट्रॅक्टर अडला असेल, कोणीतरी गाडी बाजूला घेतली, असं त्याच्या मनात आलं आणि तो नट आवळत राहिला. वर आला तेव्हा व्हॅन पाणंदीत नव्हती. रुंद जागीही नव्हती. मळेवाल्याबरोबर तो शोधत कालव्यापर्यंत गेला. तिथं ती भरावावर नीट कडेला लावलेली होती, किल्ली जागेवर आणि मागचा भाग झाडून घेतल्यासारखा रिकामा. तांबं आणि केबल जाणारच होती, पण पानेसुद्धा ठेवले नव्हते.

तक्रार केली. पोलीस येऊन पाहून गेले. दादानं हळूहळू पुन्हा हत्यारं जमवली. पण त्या दिवसापासून गाडी नजरेआड करायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. विहिरीत उतरायच्या आधी तो व्हॅन जिथून दिसेल अशी जागा शोधायचा. विहिरीतून काहीच दिसत नाही, म्हणून मळेवाल्याला वर उभं करायचा आणि खालून ओरडायचा, "गाडी हाय का?" वरून उत्तर यायचं, "हाय, हाय, चरतीय."

किल्ली खिशात ठेवायला लागल्यावर एकदा तमाशा झाला. मी सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो होतो. उसानं भरलेला ट्रॅक्टर मागं येऊन थांबला, त्याच्या मागं दुसरा. ड्रायव्हर विहिरीच्या काठावर आला.

"ओ मिस्त्री, किल्ली कुठंय?"

"खिशात," आतून आवाज आला.

"खिशात? पाणंदीत गाडी आन् खिशात किल्ली? लई शहाणे झालात राव!"

"थांबा, येतोय वर."

"या, या. सावकाश या. ऊस वाळला की कारखाना वजन वाढवूनच देतो आमाला."

दादा चिखलानं भरलेला वर आला, मुकाट्यानं गाडी काढली आणि परत उतरला. त्या ड्रायव्हरला तो चांगला ओळखत होता. परत येताना गाडीत म्हणाला, "त्याचं बरोबर होतं."

वाडीवरचं काम तेवढं राहून गेलं. तिथं गाडी नजरेत ठेवणं शक्यच नव्हतं. रस्ता संपतो तिथं लावायची आणि तासभर खाली उतरायचं. दादा म्हणायचा, गाडी एकदा पक्की करतो, मग निवांत जातो. त्यासाठीच त्यानं सगळं केलं. आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये जाळी बसवून घेतली. वेल्डिंगवाला चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "भाऊ, बिबट्या धरायचाय का? मंग शेळी बी ठेवा आत."

"शेळीपण नेतील," दादा म्हणाला. दोघं हसले.

जाळीनंतर लोखंडी पट्टी आली. पट्टीनंतर आत पेटी आली, तळाला बोल्टानं आवळलेली. मग हात लावला की बोंबलणारा भोंगा. तो भोंगा मांजर चढलं तरी वाजायचा, शेजारचे लोक पहिल्यांदा धावत आले, नंतर येईनासे झाले. दर वेळी दादा म्हणायचा, आता झालं, आता पुढच्या महिन्यात वाडीवर जाऊन येतो. आणि दर वेळी त्याला एखादी नवी फट दिसायची. वहिनी म्हणाली, "घराला नाहीत एवढी कुलपं झाली त्या गाडीला." मी त्या काळात त्याला पाहत होतो. कुलूप वाढलं की माणूस निश्चिंत होतो, असं मला वाटायचं. त्याचं उलट होत गेलं.

वाडीची माणसं काही दिवस वाट बघून स्वतःच मोटार घेऊन खाली यायला लागली. दोरानं विहिरीतून ओढून काढायची, बांबूला बांधून रस्त्यापर्यंत आणायची, मग जीपच्या टपावरून आमच्या अंगणात. दादा ती मन लावून दुरुस्त करायचा, त्यांना जेवायला बसवायचा, आणि निघताना सांगायचा, "पुढच्या खेपेला मीच येतो."

वाडीहून आलेली शेवटची मोटार त्यानं दुरुस्त करून व्हॅनच्या पेटीत ठेवली होती. त्यानंतर एका दुपारी जेवून उठताना त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

तेरावा झाल्यावर ती मोटार मी वर घेऊन गेलो. वाडीची माणसं रस्त्याच्या टोकाला हिरड्याच्या झाडाखाली थांबली होती. दादा गेल्याचा आणि मी येत असल्याचा निरोप त्यांना आधीच पोचला होता. दोघांनी मोटार बांबूला बांधून खांद्यावर घेतली. मी व्हॅन बंद करायला लागलो. पट्टी, कुलूप, त्यावर ट्यूबचा तुकडा. भोंगा तेवढा मी चालू करत नव्हतो. एक म्हातारी शेळ्या सोडून जवळ आली आणि बघत उभी राहिली.

"कशाला करतोस बाबा एवढं? मी हाय ना हितं."

मी म्हणालो, "सवय झालीय, आजी."

"तुझ्या भावासाठी बी बसणार व्हते मी. ठरलं व्हतं आमचं. तो खाली हिरीवर असंस्तोवर गाडीपाशी मी बसायचं. पोरांनी निरोप न्हाई दिला?"

बांबू खांद्यावर घेतलेल्यातला एकजण वळून म्हणाला, "दिला व्हता की. मागच्या खेपेला मीच बोललो मिस्त्रीला."

"मग?"

"ते म्हणाले, म्हातारीला उन्हात कशाला बसवता. गाडी पक्की झाली की येतो."

"उन्हात!" म्हातारी हसली. "आन् शेळ्या काय मी सावलीत राखते? येडाच व्हता तुझा भाऊ."

हे दादानं मला कधी सांगितलं नव्हतं. त्याला खरोखरच म्हातारीला त्रास द्यायचा नव्हता, की तिच्या भरवशावर गाडी सोडायचा धीर होत नव्हता, हे मी पायवाट उतरताना ठरवू पाहत होतो. त्याच्या स्वभावात दोन्ही बसत होतं. चोरीच्या आधीच्या दादानं कोणाला गाडीपाशी बसवलंच नसतं, कारण तशी गरजच त्याला कळली नसती.

त्यांनी मोटार दोरानं खाली सोडली. त्यांना आता ते चांगलं जमत होतं, दादाची गरज फक्त दुरुस्तीपुरती उरली होती. स्टार्टरचं बटण दाबल्यावर थोड्या वेळानं पाइपातून आधी हवा आणि मग गढूळ पाणी आलं. ते निवळेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले. मग एका बाईनं कळशी भरून पहिला तांब्या माझ्या हातात दिला. पाणी गार होतं. पिताना मला तिथं कोणाकडे पाहवलं नाही.

चढून वर आलो तेव्हा धाप लागली होती. शेळ्या रस्त्यात पांगल्या होत्या. म्हातारी व्हॅनच्या चाकाला पाठ टेकून, तोंडावर पदर घेऊन गाढ झोपली होती. गाडी जशीच्या तशी होती. मी तिला उठवलं नाही, झाडाखाली दगडावर बसून राहिलो. दादानं हे पाहिलं असतं तर तो चिडला असता की त्याला हसू आलं असतं, मला सांगता येत नाही. पण त्यानं हे एकदा पाहायला हवं होतं.