सोबत कोण?

आमच्या चौदा नंबरच्या खोलीत लोक केसपेपर घेऊन येतात, गोळ्या घेऊन जातात, अन् किस्से तिथंच टाकून जातात. झाडू माझ्या हातात आहे, तर गोळा कोण करणार? मीच!

हिंगणघाटच्या एका दवाखान्यात मनाच्या ओपीडीच्या दारावर मी उभी असते. सगळे मावशी म्हणतात. काम दोनच. नंबर पुकारायचा, अन् नवीन पेशंट दिसला की विचारायचं, "सोबत कोण?" डॉक्टर मॅडम म्हणतात, गोळी अर्धं काम करते, बाकीचं घरचं माणूस करते. म्हणून जमलं तर पहिल्या वेळी घरचं कोणी आणा. त्यातलं "जमलं तर" मी काढून टाकलं. माणूस नाही, तर आत एन्ट्री नाही!

बसायला मला स्टूल दिला आहे. त्याच्यावर मी माझा डबा ठेवते. बसवतच नाही मला.

*

आधी मी नाव पुकारायची, तेही गावासकट. एकदा जाम गावचे एक मास्तर आले. आमच्या बाकावर कोणी पाहील म्हणून ते शेजारच्या डोळ्यांच्या ओपीडीपुढं काळा चष्मा लावून बसले. मला काय माहीत? मी पूर्ण नाव अन् गाव घेऊन हाक मारली. पलीकडच्या दातांच्या ओपीडीच्या बाकावरून त्यांच्याच गावचे तिघं उठले, "गुरुजी, तुमी अन् इथी?"

मास्तर घाबरून म्हणाले, "डोळ्याले आलतो!" अन् खरंच डोळ्यांच्या खोलीत घुसले.

मॅडमनी मला असं झापलं की विचारू नका. तेव्हापासून फक्त नंबर. कोणाचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तर आले, सोबत बायको. माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "मावशी, चष्म्याचा नंबर तर खरंच निघाला. आता झोपेचं पाहू!"

*

एक सासू-सून आल्या. मी विचारलं, "पेशंट कोण?"

सासूनं सुनेकडं बोट दाखवलं, सुनेनं सासूकडं. दोघींनी एकमेकींच्या नावानं केसपेपर काढून आणले होते!

"अन् सोबत कोण?"

दोघी एका दमात, "मी!"

मॅडमनी दोघींना एकच औषध दिलं. रोज संध्याकाळी अर्धा तास सोबत चालायचं, भांडायचं नाही. महिन्यानं सासू म्हणते, "चालणं होऊन राह्यलं मॅडम. दुसरं जमत नाई. पण भांडता भांडता नदीपर्यंत कधी पोचतो, समजत नाई!"

*

सूतगिरणीतले एक रिटायर भाऊ आले. बायको वारलेली, लेकरू नाही. सोबत एक बुढा.

"हे कोण लागतात तुमचे?"

"काई नाई लागत. शेजारी हाये. बारा वर्सापासून भांडून राह्यलो आमी."

मी म्हटलं, भांडणारा माणूस घरचा कसा? परत जा! तर तो शेजारीच माझ्यावर चढला. मला बाजूला सारून आत गेला अन् मॅडमला म्हणाला, "चार महिने झाले, या माणसानं मले एक शिवी देल्ली नाई! माझी शेळी याच्या अंगनात बांधून पाह्यली, तरी नाई! म्हून धरून आनला."

मॅडमनी पेन खाली ठेवला अन् त्याला खुर्ची दिली. मला म्हणाल्या, "मावशी, याच्यापेक्षा घरचं माणूस कोणतं असते?"

*

आता माझी चूक सांगते. कॉलेजची एक पोरगी एकटीच आली. डोळे सुजलेले. "सोबत कोण?" "कोणी नाई." मी म्हटलं, "मग घरून माणूस घेऊन ये." ती आल्या पावली वळली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा जीव थाऱ्यावर राहीना. एकच बाक मी तीनदा पुसला. मग फडकं टाकून धावत सुटले. गेटजवळच्या नळापाशी सापडली. हात धरून आणली अन् मॅडमला सांगितलं, "हिच्यासोबत मी."

आत पोरगी बोलायला लागली. "मी फोन लावतो अन् आई कापते. रोज लावतो, रोज कापते."

अन् नेमका तेव्हाच माझ्या बटव्यात मोबाईल वाजला! कोणाचा, ते न पाहता मला ठाऊक होतं. माझी पोरगी वर्ध्याला राहते. दोन वर्षांआधी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मी म्हटलं, तू मले मेली. तेव्हापासून ती लावते, मी कापते. झोप तेव्हापासूनच गेली माझी. पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी फोन कापला.

ती पोरगी म्हणाली, "मावशी, तुमचा फोन..."

"राँग नंबर हाये."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. पेशंट गेल्यावर म्हणाल्या, "मावशी, तुमचा केसपेपर काढायचा का?"

"मले काय धाड भरली! अन् सोबत कोणाले आनू?"

"ते तुम्ही सांगा."

बाप्पा! माझाच नियम माझ्या तोंडावर मारला बाईनं. चार दिवस मी रागानं फरशा घासल्या.

*

पाचव्या दिवशी माझ्या पोरीला मीच फोन लावला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "शुक्रवारी सुट्टी काढून दवाखान्यात येजो. एका पेशंटले घरचं माणूस पाह्यजे."

"कोन पेशंट, आई?"

"येशीन तं दिसन." अन् कापला. सवय!

शुक्रवारी मी खिडकीवरून केसपेपर काढला. माझा नंबर एकवीस निघाला. वीस नंबर आतून बाहेर पडला. आता पुकारणार कोण? दुसरी मावशी आहे कुठं? मीच दारात उभी राहून ओरडले, "एकवीस!"

कोणी उठलं नाही. तोंडातून आपोआप पुढचंही निघालं, "सोबत कोण?"

मागच्या बाकावरून माझी पोरगी उठली. एसटीचं तिकीट अजून मुठीतच होतं.

"मी." तिनं इकडं तिकडं पाहिलं. "पन पेशंट कुठी हाये, आई?"

मी केसपेपर तिच्या हातात दिला.

"नाव वाच. हळू वाचजो."